अडतीस कॉलम आणि वरची ओळ

आमच्या ऑफिसात कागद साचत नाहीत. सगळं सर्व्हरवर जातं आणि नको असलेलं मी वर्षाकाठी पुसून टाकते. किस्से मात्र पुसता येत नाहीत! चहाला दोघं बसले की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि तिसरा सांगायला घ्यावा तर ज्याच्यावर किस्सा आहे तोच माणूस दारात उभा! परवा एक पाहुणे हसत म्हणाले, "तुम्ही लोक काम कधी करता हो?" मी म्हटलं, "काम केलं म्हणूनच तर हे सगळं झालं!"

आमचं वेबसाईट बनवायचं ऑफिस ब्रह्मपुरीत, बस स्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या चक्कीच्या वर. माणसं तीन. एक मी, वर्षा. मालकीण, बी.ई. आणि तापट. तापट आहे हे मीच सांगून टाकते, म्हणजे बाकीच्यांचा वेळ वाचतो. दुसरे शकीलभाई. पंचवीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले, वडीलही पेंटर. फ्लेक्स आले आणि ब्रश कोरडा पडला, तेव्हा माझ्याच क्लासमध्ये कम्प्युटर शिकले. आता स्क्रीनचं डिझाईन तेच करतात. तिसरी कुंदा. जीपनं पाऊण तासावरच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावातली पोरगी. कोड लिहिते. तोंडानं कमी बोलते, पण कीबोर्ड असा बडवते की तिचा मूड खालच्या चक्कीवाल्यालाही कळतो.

आणि हे सगळे किस्से एकाच टेबलाचे. लाकडाच्या नाही, स्क्रीनवरच्या.

*

गुलाबभाऊ म्हणजे तालुक्यातल्या मच्छीमार संस्थांच्या संघाचे सचिव. एके दिवशी दुपारी दुपट्ट्यात गुंडाळलेली वही घेऊन जिना चढून आले. वही माझ्या टेबलावर ठेवली. उघडली. मग आणखी उघडली. मग म्हणाले, "शकीलभाई, ते टोक धरा जी."

शकीलभाईंनी एक टोक धरलं, कुंदानं दुसरं. मी मधोमध.

तालुक्यातल्या प्रत्येक तलावाची त्यात एक ओळ होती. आणि वरती दोन मजली मथळे. वरच्या मजल्यावर मोठं नाव, 'पाणी'. त्याच्या पोटात खाली तीन खण, पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. शेजारी 'बीज', म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्लं, खाली रोहू, कतला, मिरगल. असं करत करत वही टेबलाच्या बाहेर गेली होती.

"किती कॉलम आहेत, भाऊ?"

"मोजले नाई जी. कागद पुरला तेवढे केले. मंग खळ लावून कागद वाढवला."

कुंदानं मोजले. अडतीस!

मी म्हटलं, "एवढं रुंद वेबसाईटवर चांगलं दिसत नाही. आपण सात छोटी पानं करू."

"सात पानं केले तं सात वेळा तलावाचं नाव वाचा लागन," गुलाबभाऊ म्हणाले. "मले एका नजरेत पाह्यजे. हे असं. आपली वही कम्पुटरात घाला, बस."

मी आणखी समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुंदा म्हणाली, "मी बांधून देतो, भाऊ. वरची ओळ पन." ऑफिस माझं, होकार तिचा! मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. ती वहीचं टोक धरून उभी होती, म्हणून तिला ते दिसलं नसावं.

*

वरच्या ओळीचं एक तंत्र आहे. मोठ्या नावाला सांगावं लागतं, बाबा रे, तू खालचे किती कॉलम झाकायचे. कुंदानं 'संस्था'ला सांगितलं तीन, अध्यक्ष, सचिव, सभासद. 'पाणी'ला तीन. 'बीज'ला तीन. सगळं कसं एकाखाली एक.

शनिवारी ती गावाला गेली आणि गुलाबभाऊंचा फोन आला. "वर्षाबाई, सचिवाच्या बाजूले त्याचा मोबाईल नंबर टाकून द्या ना जी."

एवढ्याशा कामासाठी त्या पोरीला काय बोलवायचं? मीच टाकला. बी.ई. आहे मी! नवा कॉलम घातला, चहा घेतला, घरी गेले. 'संस्था'चे तीनाचे चार करायला मात्र विसरले.

सोमवारी सकाळी दहाच्या आत एका संस्थेच्या सचिवाचा फोन. आवाज एकदम गंभीर.

"मॅडम, आमच्या संस्थेचे बावन्नही सभासद पान्यात काऊन दाखवले जी?"

मी स्क्रीन उघडली. सगळी वरची ओळ एक घर सरकली होती. 'सभासद' संस्थेतून निघून 'पाणी'खाली गेले होते आणि उन्हाळ्याचं पाणी 'बीज'मध्ये. माझी इतकी तारांबळ उडाली की मी विचारून बसले, "सगळे सुखरूप आहेत ना?"

"मी तं आहो," सचिव म्हणाले. "बाकीच्यांले सकाळपासून पाह्यलं नाई."

कुंदा मागं येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातून माऊस घेतला, तीनाचे चार केले आणि माऊस परत माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून मी त्या टेबलाला तिच्या परवानगीशिवाय हात लावत नाही.

*

मग नवं दुखणं निघालं. तलाव खूप. खाली खाली सरकत गेलं की वरची ओळ स्क्रीनवरून निघून जायची आणि खाली नुसते आकडे राहायचे. संघाच्या ऑफिसात गुलाबभाऊ आकडा पाहायचे, मथळा पाहायला वर जायचे, खाली येईपर्यंत आकडा विसरायचे. रोज फोन. "मान दुखून राह्यली जी!"

कुंदा म्हणाली चार दिवस लागतील. शकीलभाई म्हणाले, "चार दिवस कशाले? मी आत्ता करतो."

ते घरी गेले आणि माळ्यावरचा रंगाचा डबा काढला. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली आणि तिच्यावर ऑईल पेंटनं नावं लिहिली, तलाव, संस्था, पाणी, बीज, मासळी. अक्षरांना लाल रंग आणि काळी सावली, जशी ते पूर्वी किराणा दुकानांना द्यायचे. वाळल्यावर पट्टी घेऊन संघाच्या ऑफिसात गेले आणि मॉनिटरच्या डोक्यावर बसवली. टेबल आडवं सरकलं की गुलाबभाऊ अंगठ्यानं पट्टीही सरकवायचे!

पाचव्या दिवशी कुंदानं खरी वरची ओळ जागच्या जागी खिळवून दिली. कितीही खाली जा, हलत नाही. आम्ही तिघं ती दाखवायला गेलो. गुलाबभाऊंनी वर-खाली करून पाहिलं, मान डोलावली.

मी म्हटलं, "मग आता ही पट्टी काढूया."

त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "राहू द्या जी. कम्पुटरचं अक्षर रडकं दिसते. हे पाहा कसं हाय!"

शकीलभाईंनी सहा वर्षांनी ब्रश हातात धरला होता. परत येताना त्यांनी आम्हा दोघींना नाश्ता खाऊ घातला आणि पट्टीतल्या 'मासळी'चा 'ळ' कसा काढला ते बोटानं टेबलावर दोनदा काढून दाखवलं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी कुणावरच ओरडले नाही.

*

मोबाईलवर एवढं रुंद टेबल मावणार कसं? म्हणून कुंदानं सोय केली. वरच्या नावावर बोट ठेवलं की त्याच्या पोटातले सगळे कॉलम मिटतात, पुन्हा ठेवलं की उघडतात. छान सोय. आम्ही सगळ्या अध्यक्षांना व्हॉट्सअॅपवर कळवलं. पाठवलेलं वाचलं कुणी नाही, ते सोडा.

एका अध्यक्षांचं बोट चुकून 'मासळी'वर पडलं. रोहू गेली, कतला गेली, मिरगल गेली. पाच मिनिटांत फोन.

"मॅडम, आमच्या तलावातली मासळी गायब झाली!"

मी समजावलं. म्हटलं, "भाऊ, गेली नाही. फक्त मिटली आहे. त्याच नावावर परत बोट ठेवा."

"ठेवतो. पन एक मिनिट थांबा."

"काय झालं?"

"मानूस पाठवला हाय तलावावर. तो पाहून येऊ दे, मंग ठेवतो."

आणि खरंच थांबले हो! वीस मिनिटांनी माणूस परत आला, मासे पाण्यात उड्या मारत असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी बोट ठेवलं.

*

आता हा जो किस्सा सांगते, त्यात हसायचं कमी आहे. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका सोमवारी कुंदा आली, बसली आणि कीबोर्ड वाजेना. चक्कीवाला जिन्यातूनच विचारून गेला, "पोरगी आली नाई का आज?"

मी म्हटलं, "काय झालं गं?"

तिनं रविवारी आईला मोबाईलवर टेबल दाखवलं होतं. आई म्हणजे बायजाबाई. चौथी शिकलेल्या, पण अक्षर लावून लावून वाचतात. लेकीनं बनवलं म्हणून कौतुकानं अख्खं टेबल वाचलं. मग विचारलं, "आमच्या मासोळ्या कुठी आहेत वं?"

कुंदानं 'मासळी'खालचा चौथा कॉलम दाखवला. 'इतर'.

"आन् आमी?"

कुंदानं मोबाईल बंद केला. तिनंच तर बांधलं होतं ते टेबल!

त्यांच्या गावच्या तलावात पुरुषांचं मोठं जाळं वर्षात मोजके दिवस पडतं. त्यात रोहू-कतला, जी संस्थेनं बीज सोडून वाढवलेली असते. बायका मात्र हातजाळी घेऊन जवळजवळ रोज कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. झिंगे, शिंगूर, वाघूर, असल्या बारीक मासोळ्या. घरचं कालवण त्याच्यावर आणि आठवडी बाजारातली टोपलीही त्याच्यावर. वहीत त्यांचा खणच नव्हता. सगळं 'इतर'मध्ये, आणि 'इतर' कुणी भरायचंही नाही.

आणि नेमका तेव्हाच त्या गावच्या अध्यक्षांनी संघाकडं ठराव दिला होता. बायकांच्या बारीक जाळ्यानं बीज मरतं, तेव्हा पुढच्या हंगामापासून तलावात मोठ्या जाळ्याशिवाय कुणी उतरू नये. अडीच महिन्यांनी सभा. मत्स्य खात्याचे जिल्ह्याचे साहेब येणार आणि नोंदी पाहून ठरवणार की तलाव वापरतं कोण. नोंदीत बायका नाहीत म्हणजे तलावात बायका नाहीत. तेवीस जणींचं पाण्यात उतरणं कायमचं बंद! त्यात पहिल्या बायजाबाई.

मी तडक गुलाबभाऊंना फोन लावला. म्हटलं, "बायकांचा वेगळा गट टाकते मी टेबलात."

"वर्षाबाई, तापू नका," ते म्हणाले. "वहीत नाई ते कम्पुटरात कसं टाकू? मले सगळे विचारतीन ना."

"मग वहीत टाका!"

"टाकतो ना. मी कुठी नाई म्हनलो? पन वहीत खन पाडाले नोंद पाह्यजे. दोन महिन्याची रोजची नोंद आना, मी सोता पट्टी घेऊन खन पाडतो."

फोन ठेवला तर शकीलभाई खुर्ची वळवून बसले होते. म्हणाले, "मॅडम, पंचवीस साल बोर्ड रंगवले मी. किराणा, कटलरी, सलून, सबकुछ. 'इतर' नावाचं दुकान आजपर्यंत कोनी रंगवाले नाई सांगतलं!"

कुंदा पहिल्यांदा हसली. कीबोर्ड सुरू झाला.

*

गट तर टाकायचा, पण त्याच्या पोटात कॉलम कोणते? मी पुस्तकातून माशांची वर्गवारी काढली. कुंदानं आकारावरून केली, लहान, मध्यम. तीन दिवस आम्ही दोघी भांडलो. शेवटी शकीलभाई म्हणाले, "ज्यांची मासोळी हाय त्यांनाच विचारा ना."

बायजाबाई बुधवारी जीपनं आल्या. माझ्या टेबलाजवळ बसल्या, आमची दोन्ही डिझाईनं पाहिली आणि म्हणाल्या, "हे कोनाचं हाय जी?"

मी म्हटलं, "माझं."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. 'बरं हाय' म्हणजे काय ते मला बरोबर कळलं.

मग त्यांनी टेबलावरचा पसारा ओढला. टाचण्या, रबर बँड, पेनांची टोपणं, यू-क्लिपा. काठावर मासोळी निवडून ढीग लावावेत तसे चार ढीग लावले. "हे गवतातले. झिंगे इथी भेटते. हे चिखलातले, शिंगूर आन् वाघूर. हे धारेले येते, पानी नवीन आलं का." जागेवरून ढीग! आम्हाला हे सुचलंच नव्हतं. आम्ही मासा धरून बसलो होतो आणि त्या पाय कुठं ठेवायचा ते सांगत होत्या.

चौथा ढीग मात्र त्यांनी लांब सारला. चार-पाच लाल टाचण्या.

"आणि हे?"

"हे रोहू-कतल्याचे पिल्लं. जाळ्यात आले का आमी परत पान्यात सोडून देतो. ते आमचे नाई. पन मोजून ठेवा."

मग माझी फुटपट्टी उचलून चारही ढिगांच्या वरती आडवी ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, "याच्यावर लिही, हातजाळं."

शकीलभाईंनी फोटो काढला. अकरा मिनिटं लागली होती. मी बी.ई. आहे हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही.

*

मग दोन महिने तेवीस बायका रोज नोंद करत होत्या. नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर यायचं, तेही एका कोपऱ्यात, म्हणून निघताना तिथं ओळीनं उभ्या राहायच्या आणि एकाच मोबाईलवर सगळ्या सांगायच्या. फॉर्ममध्ये शेवटी 'शेरा' म्हणून जागा होती. ती कुणी भरत नाही म्हणून मी काढणार होते. बरं झालं नाही काढली!

रोज सकाळी शकीलभाई शेरे मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच चहा व्हायचा.

"पानी लय थंड. तरी उतरलो."

"आज सून माह्यरी गेली. दोन टोपल्या म्याच उचलल्या."

"मोठं जाळं आलं, आमाले बाहेर काढलं. काठावर बसून पाह्यलं. काही खास नाई."

दुसऱ्या महिन्यात एक दिवस नोंद आली नाही. कुंदाचा जीव वरखाली. साखळी तुटली म्हणजे गुलाबभाऊ अडून बसतील. संध्याकाळी एक ओळ आली, "आज गावात लग्न. तरी सकाळी सात जनी जाऊन आलो. मेहंदी पुसली." मी ती ओळ वाचली आणि मला रडू आलं. शकीलभाईंनी दुसरीकडं पाहिलं. तापट बाईला रडताना पाहायची त्यांना सवय नव्हती.

दोन महिने संपले त्या दिवशी आम्ही नोंदींचा प्रिंट घेऊन गुलाबभाऊंकडं गेलो. त्यांनी पानं उलटली. कपाटातून खळ काढली, कागद काढला, वहीला जोडला आणि लाकडी पट्टी घेऊन खण पाडायला बसले. रेघ वाकडी होऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरून! वर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, हातजाळं. मोबाईलचा एक कॉलम आधीच वाढला होता, त्यात हे चार, अडतीसाचे झाले त्रेचाळीस.

*

सभा सकाळी अकराची. संघाच्या हॉलमध्ये पुढं खुर्च्यांवर सगळे अध्यक्ष, मागं सतरंजीवर बायका. तेवीसच्या तेवीस आल्या होत्या, दोन जीपा भरून. भिंतीवर पडदा, आमचा प्रोजेक्टर. लॅपटॉपवर कुंदा. तिचे हात इतके गार की मी माझी शाल तिच्या मांडीवर टाकली.

जिल्ह्याचे साहेब आले. चांगला माणूस, पण घाईत. कुंदानं टेबल उघडलं, डावीकडून उजवीकडं सरकवत गेली. साहेबांनी मध्येच हात वर केला.

"किती कॉलम आहेत?"

"त्रेचाळीस, सर."

"अहो, हे माझ्या फायलीच्या कागदावर कसं यायचं? मिटवा सगळं. फक्त वरची ओळ ठेवा."

वरची ओळ म्हणजे नुसती नावं. बायकांच्या दोन महिन्यांच्या नोंदी सगळ्या खाली, पोटात! मी उठणार तेवढ्यात कुंदानं माझा हात दाबला. आणि तिनं एकेक नाव मिटवलं.

प्रत्येक मिटलेल्या नावाखाली, तलावागणिक एकेक आकडा उमटला. हे तिनं मला सांगितलंच नव्हतं! गट मिटला की प्रत्येक तलावासमोर त्याची बेरीज दिसावी, असं तिनं आदल्या आठवड्यात गुपचूप बांधलं होतं. जाळ्यांच्या बाबतीत बेरीज म्हणजे दोन महिन्यांत जाळं किती दिवस पाण्यात पडलं ते.

बायजाबाईंच्या गावच्या तलावाची ओळ. वहीत पहिल्यापासून असलेलं मोठं जाळं, नऊ. हातजाळं, एकसष्ट.



त्या गावचे अध्यक्ष उठले. "सर, दिवसाले काय पाह्यता? बारीक जाळ्यानं बीज मरते, म्हनून तं ठराव हाय आमचा!"

साहेबांनी कुंदाकडं पाहिलं. तिनं 'हातजाळं' उघडलं, शेवटच्या कॉलमवर बोट ठेवलं. परत सोडलेली पिल्लं. रोजचा आकडा, एकही दिवस रिकामा नाही.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"आमी जी," मागून एकदम आवाज आला. एक नाही, सगळ्या!

साहेबांनी हातातली फाईल उघडली. मग गुलाबभाऊंना म्हणाले, "लिहून घ्या. ठराव रद्द. हातजाळ्याच्या बायका या तलावाच्या वापरकर्त्या आहेत आणि पुढच्या हंगामातही उतरतील. नावं घाला, तेवीसही." गुलाबभाऊंचं पेन आधीच चालू झालं होतं. कुंदा रडत होती आणि हसतही होती, आणि शकीलभाई भर सभेत टाळ्या वाजवत उभे होते. मी त्यांना बसा म्हणणार होते, पण तोवर मीही उभी होते!

सगळं शांत झाल्यावर साहेबांनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि घड्याळाकडं.

"पण माझ्या कागदाचं काय? एवढं खरंच मावत नाही हो. एखादा गट तरी 'इतर'मध्ये टाकावाच लागेल. कोणता टाकू?"

अध्यक्षांनी एकमेकांकडं पाहिलं. गुलाबभाऊंनी वहीत मान घातली. मागं सतरंजीवरून बायजाबाई उठल्या, पदर नीट केला, खुर्च्यांमधून वाट काढत थेट पडद्यापर्यंत गेल्या आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हे नऊ दिवसवाले टाका जी."